एम्पोर्दाच्या द्राक्षबागांतून ग्रॅव्हल सायकल : ही सफर उलटी का करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबरच्या अखेरीस आपल्या हाताशी पाच दिवस आहेत. आपण आणि आपल्या पत्नी दोघेही मुळशी-पानशेत भागात दिवसाला शंभर किलोमीटर आरामात सायकल चालवता. स्पेनमधल्या कातालुन्याच्या ईशान्य टोकाला एम्पोर्दा नावाचा द्राक्षप्रदेश आहे. तिथे जिरोना शहरातून निघून समुद्रकाठच्या कादाकेसपर्यंत आणि पुढे फ्रान्सच्या सीमेवरच्या पोर्तबोउपर्यंत, रोज पंच्याऐंशी किलोमीटर या हिशेबाने ग्रॅव्हल सायकलीवर (कच्च्या वाटांसाठी केलेल्या, रुंद टायरच्या सायकलीवर) जाता येईल का, ३८ मिलिमीटरचे टायर पुरतील का, वाटेत वाइनच्या तळघरांना भेटी देता येतील का आणि शाकाहारी माणसाचे हाल होतील का, असे आपण विचारले आहे. मी मूळचा नाशिकचा असून गेली अकरा वर्षे जिरोनात राहतो आणि वर्षातून सात-आठ वेळा लहान गटांना याच भागातून घेऊन जातो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सफर अवश्य करावी. मात्र आखलेल्या बेतात दोन बदल करावे लागतील. पहिला बदल दिशेचा : जिरोनाहून उत्तरेकडे न जाता आगगाडीने आधी उत्तरेला जावे आणि सायकलीवर जिरोनाकडे परतावे. दुसरा अंतराचा : पंच्याऐंशीऐवजी दिवसाला चाळीस ते साठ किलोमीटर धरावेत. हे सुचवण्यामागे आपल्या दमाविषयी शंका नाही. या प्रदेशात किलोमीटर हे माप फारसे कामाचे नाही. तिथला दिवस किती लांबायचा हे वारा आणि पायाखालची जमीन ठरवतात.

आधी वाऱ्याविषयी. पिरेनीज पर्वताची रांग पूर्वेकडे उतरत उतरत जिथे भूमध्य समुद्रात बुडते, तिथेच आल्बेरा डोंगर आणि काप दे क्रेउसचे भूशिर आहे, आणि त्यांच्या दक्षिणेला एम्पोर्दाचे मैदान पसरले आहे. उत्तरेकडची थंड हवा पर्वताच्या या खचलेल्या टोकावरून मैदानात कोसळते, त्या वाऱ्याला इथे त्रामुन्ताना म्हणतात. कोकणातल्या माणसाला जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा ठाऊक असतो, पण मतलई पहाटे येतो आणि ऊन तापले की निमूटपणे पडतो. त्रामुन्ताना एकदा सुटला की दोन-तीन दिवस रात्रंदिवस वाहत राहतो आणि भूशिराजवळ त्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाणे ही काही नवलाची गोष्ट मानली जात नाही. आकाश मात्र अशा वेळी अगदी निरभ्र असते, आणि खिडकीतून बाहेर बघून दिवस ठरवणारा पाहुणा नेमका इथेच फसतो.

मीही फसलो होतो. पहिल्याच वर्षी जिरोनाहून उत्तरेला निघालो. नकाशावर सपाट दिसणारे शेवटचे वीस किलोमीटर तासाभरात कापू असा हिशेब होता, त्याला सव्वातीन तास लागले आणि त्यातला बराच वेळ मी सायकल ढकलत होतो. चढावर निदान माथा दिसतो, तिथवर पोहोचलो की सुटका होते; समोरच्या वाऱ्याला माथा नसतो. त्या संध्याकाळी एका म्हाताऱ्या बागाईतदाराने मला विचारले की वारा उत्तरेचा असताना तू उत्तरेला का निघालास, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून मी उलटा मार्ग घेतो. उत्तरेकडून दक्षिणेला येताना त्रामुन्ताना सुटलाच तर तो पाठीशी राहतो, आणि न सुटल्यास आपले काहीच बिघडत नाही. दुपारनंतर समुद्रावरून येणारा दक्षिणेचा वारा थोडा त्रास देतो, पण तो सौम्य असतो.

हाच वारा इथल्या द्राक्षांचा मात्र पाठीराखा आहे. नाशिकच्या बागाईतदाराला पावसाळी दमट हवेत डावणी आणि भुरी या बुरशीरोगांची जी धास्ती असते, ती इथे पुष्कळ कमी होते, कारण वारा पाने आणि घड कोरडे ठेवतो. त्याची किंमत वेलीला उंचीच्या रूपाने मोजावी लागते. जुन्या बागांत मांडव नाही, तार नाही. गुडघ्या-मांडीएवढ्या उंचीची, झुडपासारखी छाटलेली एकेकटी खोडे जमिनीला चिकटून उभी असतात. मैदानातल्या शेतांच्या उत्तरेच्या बांधावर सरूच्या उंच, दाट रांगा दिसतील, त्याही वाऱ्याला अडवण्यासाठी लावलेल्या आहेत. सायकलस्वाराने त्यांचा उपयोग करून घ्यावा. आडवा वारा असेल तर सरूच्या रांगेच्या दक्षिण अंगाची पाणंद निवडावी, आणि रांग जिथे संपते तिथे वाऱ्याचा धक्का एकदम बसणार हे ध्यानात ठेवून दोन्ही हात हँडलवर घट्ट ठेवावेत.

आता जमिनीविषयी. ग्रॅव्हल म्हणजे खडीचा रस्ता असे आपण सरसकट समजतो, परंतु एम्पोर्दात चाकाखालची जमीन काही तासांतच तीन वेळा बदलते आणि प्रत्येकीचे वागणे वेगळे असते. काप्मान्य आणि ला जोन्केरा या गावांभोवती ग्रॅनाइट झिजून झालेली भरड, पिवळसर वाळू आहे. कातालानमध्ये तिला साउलो म्हणतात, आणि आपल्याकडचा मुरूम डोळ्यांसमोर आणला तर ती नेमकी कळेल. कोरडी असताना दाबली गेलेली साउलो म्हणजे चाकांना मेजवानीच. मात्र वळणाच्या बाहेरच्या कडेला आणि उताराच्या तळाशी तिचा सैल थर साचतो, तिथे पुढचे चाक अलगद सरकते. अशा ठिकाणी वळणात ब्रेक लावू नये. वेग वळणाआधीच कमी करावा. पूर्वेकडे एस्पोल्या, राबोस, विलाजुइगा आणि सगळे भूशिर हा पाटीच्या दगडाचा मुलूख आहे. इथे दगडाचे पापुद्रे उभे तुटतात, त्यांच्या धारा कोयत्यासारख्या असतात आणि त्या टायरला खालून नव्हे, बाजूने कापतात. तिसरी जमीन मुगा, फ्लुविया आणि तेर या नद्यांच्या गाळाची, मैदानातली. कोरडी असेपर्यंत ती सर्वांत सोपी, पण शरद ऋतूत एक जोरदार सर पडून गेली की हीच माती टायरला, फ्रेमला आणि ब्रेकला अशी लिंपली जाते की चाक फिरेनासे होते. काळ्या रानात चिखलात सायकल खांद्यावर घेतलेल्या माणसाला अधिक सांगायला नको. पाऊस झाल्यावर मैदानात एक दिवस डांबरी गावरस्ता धरावा आणि डोंगरातल्या मुरमाकडे जावे, कारण तो तासाभरात निथळतो.

या तिन्ही जमिनी एकाच टायरवर पार करायच्या असल्याने ३८ मिलिमीटर मला अपुरा वाटतो. मैदानात तो पुरेल, पाटीच्या दगडावर पुरणार नाही. ४२ ते ४५ मिलिमीटरचा, बाजूची भिंत जाड असलेला ट्यूबलेस टायर घ्यावा. सत्तर किलोच्या स्वाराने, थोडे सामान धरून, पुढे साधारण २८-२९ आणि मागे ३२ पीएसआय हवा ठेवावी. पहिल्या दिवशी रिमला दगडाचा ठोका बसल्यासारखे वाटले तर दोन पीएसआय वाढवावेत. उष्ण हवेत सीलंट, म्हणजे टायरच्या आत भरलेले भोक बुजवणारे द्रव, लवकर सुकते, म्हणून भाड्याची सायकल घेताना ते नुकतेच भरले आहे का हे अवश्य विचारावे. भोक बुजवण्याच्या पट्ट्या, दोन ट्यूबी आणि फाटलेल्या भिंतीला आतून लावण्यासाठी जाड रबराचा तुकडा सोबत असू द्यावा. झुडपी रानात आर्जेलागा नावाचे पिवळ्या फुलांचे काटेरी झाड सर्वत्र आहे आणि छाटलेल्या फांद्या वाटेवर पडून असतात. बाभळीच्या काट्यातून चाक काढायची सवय असलेल्यांना त्याचे भय वाटू नये, पण ट्यूबवाला टायर घेऊन तिथे जाऊ नये. गिअरच्या बाबतीत पुढे ४० दातांचे एकच चक्र असल्यास मागे किमान ४२ दात हवेत. खोल रिमची चाके देखणी दिसतात, परंतु त्रामुन्तानात ती शिडासारखी वागतात. भाड्याने घेताना साध्या, उथळ रिमची मागून घ्यावीत. भारतातून सायकल आणण्याचा खटाटोप पाच दिवसांसाठी करू नये असे माझे मत आहे. जिरोनात कितीतरी व्यावसायिक सायकलपटू राहतात आणि २०१९ पासून इथे त्राका ही मोठी ग्रॅव्हल शर्यत भरते, तिचा एक मार्ग तर ३६० किलोमीटरचा असतो. त्यामुळे चांगल्या सायकली भाड्याने देणाऱ्या दुकानांची इथे वाण नाही. आपण सप्टेंबरात येत आहात म्हणून अडचण नाही, एरवी एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला शर्यतीमुळे खोल्या आणि सायकली दोन्ही मिळणे कठीण होते.

आता प्रत्यक्ष मार्ग. जिरोनाहून पोर्तबोउकडे जाणाऱ्या आर ११ या साध्या प्रादेशिक गाडीत जागा असेल तर सायकल तशीच चढवता येते. वेगवान आवे गाडीत ती सुटी करून पिशवीत भरावी लागते, शिवाय ती गाडी फिगेरेसच्या वेगळ्याच स्थानकावर थांबते, म्हणून तिच्या वाटेला जाऊ नये. सकाळच्या साध्या गाडीने फिगेरेसला उतरावे आणि पेरालादामार्गे काप्मान्यकडे निघावे. तिथून सांत क्लिमेंत सेसेबेस, एस्पोल्या आणि राबोस करत गारिगेल्याला मुक्काम करावा. हे सगळे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर भरते. आल्बेराच्या पायथ्याच्या या पट्ट्याला स्थानिक लोक आस्प्रेस म्हणतात, म्हणजे खडबडीत जमीन, आणि एम्पोर्दाच्या वाइनचा जीव याच पट्ट्यात आहे. द्राक्षबागा, बुचाच्या ओकांची राने, मधूनच एखादे आदिमानवाचे दगडी दफनस्थान, आणि उत्तरेला सतत दिसणारी पर्वताची भिंत. सांत क्लिमेंतजवळ लष्करी तळ असून काही वाटा त्याच्या हद्दीत शिरतात. मार्ग दाखवणारे मोबाइलवरचे अॅप त्या वाटा खुशाल दाखवते. पाटी दिसली की मागे फिरावे.

दुसरा दिवस या सफरीचा कळस आहे आणि हाच दिवस वाऱ्यावर सर्वाधिक अवलंबून आहे. विलाजुइगाहून सांत पेरे दे रोदेस या मध्ययुगीन बेनेडिक्टीन मठाकडे सुमारे आठ किलोमीटरचा चढ आहे. सिंहगडाच्या घाटापेक्षा तो मंद आहे, रस्ता डांबरी आहे, आणि समुद्रसपाटीपासून जवळजवळ पाचशे मीटरवर पोहोचल्यावर एका वळणावर अचानक दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो. चढताना दोन्ही अंगांच्या डोंगरउतारांकडे नीट पाहावे. झुडपांच्या खाली माथ्यापर्यंत दगडी पायऱ्या-पायऱ्यांच्या रेषा दिसतात. ते कोकणातल्या गडग्यांसारखे, चुन्यामातीवाचून रचलेले बांध आहेत, आणि एकोणिसाव्या शतकात या प्रत्येक पायरीवर द्राक्षवेल होती. मुळे पोखरणारी फायलोक्सेरा ही माव्याच्या कुळातली सूक्ष्म कीड फ्रान्समधून १८७९ साली याच भागात उतरली आणि काही वर्षांत वेली मेल्या. मैदानात पुढे अमेरिकन खुंटावर कलमे करून बागा पुन्हा उभ्या राहिल्या. नाशिकला आपण डॉगरिज खुंट वापरतो तो पाण्याच्या ताणामुळे आणि क्षारांमुळे. इथे खुंट आला तो या किडीपायी. डोंगरावरच्या पायऱ्यांवर मात्र एवढा खर्च कोण करणार? काहींनी तिथे जैतून लावले, ते १९५६ च्या फेब्रुवारीतल्या गोठवणाऱ्या थंडीने मारले. तेव्हापासून रान माजले आहे. कोरड्या दगडी बांधकामाच्या या कलेची नोंद युनेस्कोने २०१८ मध्ये स्पेनसह आठ युरोपीय देशांच्या नावे केली; पण मला त्या पायऱ्या पाहून कौतुकापेक्षा कष्टांचाच हिशेब आधी सुचतो. अलीकडे काही वाइन उत्पादकांनी यातल्या थोड्या पायऱ्या साफ करून पुन्हा वेली लावल्या आहेत. वाटेत त्या ओळखू येतील, कारण चहूकडच्या करड्या-हिरव्या रानात तेवढाच तुकडा विंचरल्यासारखा दिसतो.

मठापासून सेल्वा दे मार गावावरून पोर्त दे ला सेल्वाच्या बंदरात उतरावे आणि तिथून तेरा किलोमीटरवरच्या कादाकेसला जावे. दिवसाचे अंतर चाळीसच भरते, पण चढ मिळून हजार मीटरच्या आसपास जातो आणि पाहण्यासारखे इतके आहे की संध्याकाळ व्हायला वेळ लागत नाही. आदल्या रात्री कातालुन्याच्या हवामान सेवेचा वाऱ्याचा इशारा पाहावा. जोराच्या त्रामुन्तानाचा इशारा असेल तर मठाचा बेत निमूटपणे सोडावा आणि मैदानातून थेट रोसेसला जावे. माथ्यावरच्या उघड्या वळणांवर आडव्या झोताने मी धडधाकट माणसे सायकलीसकट आडवी होताना पाहिली आहेत, आणि एकदा त्यांत मीही होतो. मनगट सहा आठवडे बांधलेले होते.

भूशिरात वाट निवडताना आणखी एक सावधगिरी हवी. नकाशात किनाऱ्याला लागून जीआर ९२ नावाची सलग रेषा दिसते आणि ती सायकलीची वाट आहे असा समज होतो. ती पायवाट आहे. तिचे बरेच तुकडे कामी दे रोंदा म्हणून ओळखले जातात, म्हणजे चोरटी आयात करणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी पहारेकरी ज्या वाटेने फिरत ती वाट. तिच्यात पायऱ्या आहेत, कडे आहेत आणि चालणाऱ्यांची गर्दी आहे. काप दे क्रेउस हे १९९८ पासून संरक्षित नैसर्गिक उद्यान आहे, तिथे पाटी असलेल्या रुंद वाटाच वापराव्यात. कादाकेसहून जोंकोल्स आणि मोंतजोई या खाड्यांवरून रोसेसला जाणारी कच्ची वाट अप्रतिम आहे. एल बुली हे जगभर गाजलेले उपाहारगृह २०११ पर्यंत याच मोंतजोईच्या खाडीवर होते. परंतु तिचा पहिला भाग दगडी आणि तीव्र उताराचा असल्याने सामान लादलेल्या सायकलीने, पहिल्याच खेपेस, मी ती सुचवणार नाही. पेराफिता खिंडीवरून डांबरी रस्त्याने रोसेसला उतरण्यात काही कमीपणा नाही.

तिसऱ्या दिवशी रोसेसनंतर सगळा मुलूख सपाट होतो. आयग्वामोल्स या पाणथळ उद्यानातून, सांत पेरे पेस्कादोरला फ्लुविया ओलांडून एम्पुरिएसच्या प्राचीन नगरापाशी यावे. अॅप कधीकधी किनाऱ्याकिनाऱ्याने सरळ मार्ग आखते. नदीच्या मुखाशी पूल नाही, पूल गावात आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात ग्रीक व्यापाऱ्यांनी वसवलेल्या एम्पोरिओन या पेठेचे हे अवशेष आहेत. त्या नावाचा अर्थच मुळी बाजारपेठ असा आहे आणि एम्पोर्दा हे प्रदेशनाम त्यावरूनच आले. मुक्काम शेजारच्या लेस्कालाला करावा. चौथ्या दिवशी मोंतग्रीच्या चुनखडी डोंगराच्या कडेने जाताना पाइनच्या रानात चाक अचानक वाळूत रुतेल. समुद्रापासून इतक्या आत वाळू कशी, असा प्रश्न पडेल. ती त्रामुन्तानाने खाडीकडून वाहून आणलेली आहे, आणि गावे-शेते गिळू लागल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वनखात्याने पाइन लावून तिला बांधून घातले. पुढे तोरोएल्याला तेर नदी ओलांडून उल्यास्त्रेत, पेरातल्यादा या दगडी गावांकडे जावे. हा भाग गोड आहे, सोपा आहे, आणि पर्यटकांनी भरलेला आहे. त्याविषयी इतरत्र पुष्कळ वाचायला मिळेल.

पाचव्या दिवशी गावारेस डोंगर ओलांडून जिरोनात शिरायचे. हा बुचाच्या ओकांचा डोंगर आहे. ज्या झाडांची साल नुकतीच काढली आहे त्यांची खोडे तांबूस, जवळजवळ रक्ताळलेली दिसतात, आणि तीच साल पुन्हा काढण्याजोगी व्हायला बारा-चौदा वर्षे लागतात. काल ज्या बागेशेजारून आपण आलो, तिथल्या बाटलीचे बूच इथून जाते हे लक्षात आले म्हणजे या दोन रानांचा संबंध जुळतो. मादरेमान्याहून कच्च्या वाटेने ४८५ मीटरवरच्या एल्स आंजेल्सच्या देवळापाशी चढावे. चित्रकार साल्वादोर दाली आणि गाला यांचे धार्मिक लग्न १९५८ साली याच देवळात लागले. तिथून दहा किलोमीटरचा उतार थेट जिरोनात पोहोचवतो. पाय थकले असतील तर डोंगर टाळून सांत फेलिउ ते जिरोना या जुन्या अरुंद रुळांच्या मार्गावर यावे. ही आगगाडी १८९२ ते १९६९ या काळात धावत होती. आता रूळ काढून तिथे सुमारे चाळीस किलोमीटरची सायकलवाट केली आहे आणि चढ इतका सौम्य आहे की लहान मुलेही ती करतात.

सप्टेंबरअखेरचा काळ आपण योग्य निवडला आहे. जुलै-ऑगस्टात उकाडा असतो, पण खरा प्रश्न वणव्याचा असतो : २०१२ च्या जुलैत ला जोन्केराजवळ लागलेल्या आगीत दहा हजार हेक्टरांहून अधिक रान जळाले आणि २०२१ च्या जुलैत भूशिरावरही आग लागली. धोका वाढला की वनरक्षक डोंगरातले प्रवेश बंद करतात, आणि ती बंदी सायकलीलाही लागू असते. शरद ऋतूत हा धोका ओसरतो, मात्र रानडुकरांची शिकार सुरू होते. वाटेच्या तोंडाशी ‘बातुदा’ असे लिहिलेली पाटी दिसली, तर आत हाकारा चालू आहे असे समजून दुसरी वाट धरावी. शनिवार-रविवारी भडक रंगाचा सदरा घालावा.

द्राक्षांची काढणी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते, म्हणजे आपण ऐन हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात पोहोचाल. नाशिकला हीच गडबड जानेवारी ते मार्च या काळात असते, त्यामुळे मला हा वास सप्टेंबरात अजूनही थोडा अवेळी वाटतो. इथे मी गटातल्या सर्वांना एक गोष्ट निक्षून सांगतो : ज्या पाणंदींवरून आपण मौजेने जातो ती शेतकऱ्याची कामाची वाट आहे. ट्रॉली भरून येणारा ट्रॅक्टर दिसला की आपण थांबायचे, सायकल बांधाला लावायची आणि त्याला जाऊ द्यायचे. साखळी लावलेली वाट ही बंद वाट आहे. घड तोडून तोंडात टाकण्याचा मोह आवरावा. विचारले तर बहुतेक शेतकरी स्वतःहून घड हातात ठेवतात.

तळघरांना भेट देण्यासाठी आधी वेळ ठरवावी लागते, आणि काढणीच्या दिवसांत तर पाहुण्यांसाठी कुणाला सवड असेलच असे नाही. म्हणून रोज एकच भेट ठेवावी आणि ती दिवसाचे सायकल चालवणे संपल्यावर, मुक्कामाच्या गावी. स्पेनमध्ये मद्यपानाची कायदेशीर मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी, उन्हात तीन तास घाम गाळलेल्या शरीराला दोन पेले पुरेसे गोंधळात टाकतात आणि मुरमाच्या वळणावर तो गोंधळ उघडा पडतो. चाखण्याच्या वेळी वाइन तोंडात घोळवून शेजारच्या भांड्यात थुंकली तर यजमानाला मुळीच वाईट वाटत नाही. आपल्या लोकांना तो अपमान वाटतो आणि भिडेपोटी ते सगळे पेले रिकामे करतात, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. गार्नात्चा आणि कारिन्येना या इथल्या काळ्या द्राक्षांच्या मुख्य जाती. कारिन्येनाला बाटलीवर अनेकदा साम्सो म्हटलेले असते. एकाच उत्पादकाची मुरमावरची आणि पाटीच्या दगडावरची वाइन शेजारी शेजारी मागावी. ज्या जमिनींवर दिवसभर हात-पाय थरथरले, त्यांचा फरक जिभेलाही कळतो का हे तपासायला दुसरी इतकी चांगली संधी नाही. एक बाटली घरी न्यायची असेल तर गार्नात्चाची गोड वाइन न्यावी. तिचा एक प्रकार काचेच्या मोठ्या बुधल्यांत उघड्यावर, उन्हात आणि दवात ठेवून मुरवतात. भारतात परतताना प्रत्येकी दोन लिटरपर्यंत मद्यावर सीमाशुल्क लागत नाही.

शाकाहाराचे म्हणाल तर उपाशी राहण्याची वेळ येणार नाही, फक्त वेळापत्रक सांभाळावे लागेल. दुपारची स्वयंपाकघरे साधारण एक ते साडेतीन चालतात, नंतर थेट रात्री आठपर्यंत गरम काही मिळत नाही. टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची एस्कालिवादा, बेदाणे आणि पाइनचे दाणे घातलेला पालक, मध घातलेले मातो हे ताजे चीज, एवढ्यावर पाच दिवस मजेत निघतात. अंडे चालत असेल तर बटाट्याचे जाड ऑम्लेट सर्वत्र आहे. कोशिंबिरीत न सांगता टूना मासा टाकतात, म्हणून मागवतानाच ‘सेन्से कार्न, सेन्से पेइश’ म्हणावे, म्हणजे मांस नको, मासा नको. खिशात राजगिऱ्याच्या वड्या किंवा चिक्की असू द्यावी. पाण्याच्या बाबतीत आस्प्रेस भागात दोन गावांमध्ये काही मिळत नाही, आणि झऱ्यावर ‘नो पोताब्ले’ लिहिले असेल तर ते पिऊ नये. प्रत्येकी अडीच लिटर पाणी बरोबर ठेवावे.

शेवटी राहिले पोर्तबोउ. उलट्या मार्गात ते वगळले जाते, आणि त्याची आपल्याला हळहळ वाटत असेल तर एक दिवस आधी, सामानाशिवाय, त्याच आर ११ गाडीने पोर्तबोउला उतरावे, किनाऱ्याच्या घाटरस्त्याने कोलेरावरून ल्यान्सापर्यंत यावे आणि तिथून गाडीने परतावे. अंतर वीस किलोमीटरदेखील नाही. त्या दिवशी वारा कसा वागतो हे पाहूनच दुसऱ्या दिवशी फिगेरेसला उतरायचे की थेट विलाजुइगाला, हे ठरवता येईल.